गिटारचा डबा आणि तंबूचं इंजिन

दिवसभर माझे कान इंजिनाकडे असायचे. चुलीपुढं बसले तरी तिकडे, विहिरीवर गेले तरी तिकडे. शेलूबाजारात तेव्हा वीज आलेली नव्हती. वाशीम जिल्हासुद्धा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. दिवाळी झाली की बाजाराच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा आणि तंबूच्या मागं एक डिझेलचं इंजिन. त्यावर जी वीज निघेल तेवढीच गावातली वीज. दिवस बुडायच्या आधी ते फटफट करत सुरू व्हायचं आणि खेळ लागेपर्यंत थोडा वेळ नुसतंच चालायचं. तेवढाच वेळ आमचा. तेवढ्यात आमच्या डब्यातून आवाज निघाला तर निघाला, नाही तर डबा उचला, घरी चला, आणि परत उद्याची वाट पाहा. एवढी वाट तर मी माहेरच्या गाडीचीसुद्धा पाहिली नव्हती.

आता डबा कसला, ते आधी सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल बाई मधूनच सुरू झाली.

आमच्या ह्यांचं बाजारात गॅसबत्त्या, स्टो आणि टॉर्च दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या आणि वर टीन. हात चांगला होता. गळक्या टाकीला कथलाचा डाग असा द्यायचे की बोट फिरवलं तरी समजायचं नाही कुठं भोक होतं. पण जीव काही बत्त्यांत नव्हता. अकोल्याला सामान आणायला गेले तेव्हा जुन्या बाजारातून एक गिटार घेऊन आले होते. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवरून घसरवायची, आणि उजव्या हातानं तार छेडायची. शिकवायला कोण होतं? तंबूत गाणं ऐकायचं आणि घरी येऊन कांडीनं ते शोधत बसायचं. एखादी जागा सापडली की अर्ध्या जेवणातून उठून मला ऐकवायचे. खरकट्या हातानं.

पण आवाज खोलीपुरताच. आमच्या भिंतीला लागून थोरले दीर आणि जाऊ राहायचे. जाऊबाई म्हणायच्या, "भाऊजी वाजवून राह्यले का पायाले तेल चोळून राह्यले, काई समजत नाई बाप्पा."

त्या साली तंबूच्या मालकानं ह्यांना एक शब्द दिला. तंबूत मशीन एकच होती. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार, मग शिट्ट्या, मग कोणीतरी कोणाला तरी टपली मारायचं, आणि भांडण. मालक म्हणाले, "रीळ बदलेपर्यंत तू गिटार वाजव. लोकं चूप बसले पाह्यजे. मांगच्या खुर्चीवर आवाज आला, त आमच्यासंगं चल, जिथं तंबू तिथं तू. नाई आला, त राम राम."

हे घरी आले ते जमिनीवर पाय नसल्यासारखे. मी मात्र हिशेब लावला. तंबूबरोबर जाणं म्हणजे थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत. आसेगाव, मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नव्हतं. त्यांचं ते सुख पाहून मला वाटायचं, वाजू दे बाबा त्यांची गिटार. आणि दुसऱ्या घटकेला वाटायचं, नाही वाजली तर घरी राहतील. असं दोन्हीकडून ओढलं जाणारं मन घेऊन मी त्या डब्याच्या कामाला लागले. लागले म्हणजे, त्यांनी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. ते डबा घेऊन ओसरीवर बसले, मी कंदील धरला.

डबा होता तंबूचाच. सिनेमाचा आवाज मोठा करणारा जुना आंप्लिफायर. एकदा नाल्यात बैलगाडी कलंडली तेव्हा त्यात पाणी गेलं. मालकानं नवा आणला आणि हा गाडीखाली पडून होता. तंबूची मशीन चालवणारे एक म्हातारे आपरेटर होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. चाचीही बरोबरच फिरायच्या, तंबूच्या मागं चूल मांडून सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. चाचांनीच हा डबा ह्यांना मालकाकडून मागून दिला. म्हणाले, "ले जा बेटा. इसमें जान है, पर किधर है, वो तू ढूंढ."

उघडला तर आतून कुबट वास, चिखल, आणि कोळ्याचं जाळं. खाली सगळा तारांचा गुंता आणि वर काचेचे व्हॉल्व्ह, छोट्या बाटल्यांसारखे उभे. मी चिंचेच्या पाण्यानं आणि राखेनं पत्रा घासला, तांब्याची भांडी घासतात तसा. हे ओरडले, "ते व्हॉल्व्हचे पाय नोको घासू! नंबर पुसला जाईन." मी कशाला पुसते? मला तर त्या बाटल्यांचं फार नवल. सगळ्यांच्या डोक्याला आतून चांदीसारखा चकचकीत डाग, पण एकीचा डाग मात्र दुधाळ झालेला. मी म्हटलं, "इले मोतीबिंदू झाला वाटते." हे हसले. दुसऱ्या दिवशी चाचांना दाखवली तर चाचा म्हणाले, "बराबर है. हवा घुस गई. ये मर गई." चाचांच्या पेटीत एका रेडिओचं मढं पडलेलं होतं. त्यातली एक बाटली ह्याच नंबरची निघाली. ती आणून लावली.

चाचांनी ह्यांना एक पक्की सवय लावली. डब्यात हात घालायचा तर एकच. दुसरा हात कमरेवर ठेवायचा. दोन्ही हात आत गेले आणि वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, तर वाटेत काळीज लागतं. आणि इंजिन बंद झालं म्हणजे डबा मेला असं समजायचं नाही. आत कंडेन्सर असतात, ते वीज धरून ठेवतात, हळूहळू सोडतात. म्हणून हे कमरेवर एक हात ठेवून, वाकून, डाग देत बसायचे. आमच्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दारात उभ्या राहून पाहायच्या.

"काय वं, हा असा अर्धा इठोबा काहून होऊन राह्यला?"

मी सांगितलं, दोन्ही हात घातले तर झटका बसतो.

"मंग एक बी कायले घालते? कोनं सांगतलं?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान आहे, घर आहे, बायको आहे, तंबूमागं फिरायचं काय अडलंय? सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि धाकटा मुलगा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तोंडानं त्या डब्याला नावं ठेवायच्या, पण रोज सांजवात लावून झाली की डब्यालाही हळदकुंकू लावायच्या. मी पाहिलं आहे. एकदा हे म्हणाले, "माय, कुंकू आत नोको सांडू, शार्ट होईन." तेव्हापासून बाहेरच्या लाकडी खोक्यावर लावायला लागल्या.

पहिल्यांदा इंजिनाच्या वायरीला डबा जोडला तेव्हा नुसती घूं घूं. मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखी. बाटल्यांत तांबूस उजेड आला, एवढंच काय ते. हे गिटार छेडत होते, आणि वर घूं घूं. मालक येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी चाचांच्या सांगण्यावरून मेण गळालेल्या दोन कागदी कांड्या बदलल्या, ते कंडेन्सरच होते. घूं घूं अर्ध्यावर आली. तिसऱ्या दिवशी इंजिनच सुरू झालं नाही, डिझेलची गाडी आली नव्हती. काय सांगू, त्या दिवशी हे जेवले नाहीत. आणि मीही ओसरीतून दारात, दारातून ओसरीत. आत्याबाई म्हणाल्या, "बस न वं एका जागी. तुले का मुंग्या चावल्या?"

गिटारचा आवाज डब्यात शिरायचा कसा, हा आणखी एक घोळ होता. मालकाकडे रेकॉर्ड वाजवायचं एक मोडकं यंत्र होतं. त्याचं सुई धरणारं डोकं ह्यांनी सुरुवातीलाच काढून आणलं आणि गिटारच्या पोटावर, तारा जिथं टेकतात तिथं, सुई टेकवून बांधून टाकलं. तार थरथरली की पोट थरथरायचं, पोट थरथरलं की सुई. तिथून डब्यापर्यंत एक लांब वायर. उरलेली घूं घूं येत होती ती ह्या वायरीतून. चाचा म्हणाले, वायरीवर जाळी पाहिजे, बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून. जाळीची वायर अकोल्याशिवाय कुठं मिळणार? किराणा दुकानात चहाच्या लाकडी पेट्या यायच्या, आतून चांदीसारखा पातळ पत्रा लावलेला. मी तो मागून आणला, पट्ट्या कापल्या आणि वायरीवर गुंडाळल्या, पायाला पट्टी बांधतात तशा, आणि वरून गोधडीच्या दोऱ्यानं करकचून आवळलं. त्या पत्र्याचं एक टोक ह्यांनी डब्याच्या अंगाला डाग देऊन जोडलं. डब्यासोबत आलेल्या स्पीकरचा कागद फाटलेला होता, तो मी मैद्याच्या खळीनं पतंगाचा कागद लावून सांधला.

त्या दिवशी इंजिन सुरू झालं, बाटल्या लाल झाल्या, आणि घूं घूं नाहीच! ह्यांनी एकच तार छेडली. रिकाम्या तंबूत तो सूर असा पसरला की बाहेर चाचींच्या हातातला पळा खाली पडला. हे माझ्याकडे पाहायला लागले. मी पण हसले. आणि लगेच मनात आलं, झालं. आता हे जाणार.

खरी परीक्षा बाजाराच्या दिवशीच्या पहिल्या खेळाला होती. बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, तंबू गच्च. पुढं जमिनीवर पुरुष, एका बाजूला दोरी बांधून बाया, मागं खुर्च्या. एका खुर्चीवर मालक. पडद्याच्या बाजूला हे गिटार घेऊन बसले, आणि डबा बायांच्या बाजूला, कारण वायर तिथवरच पोचत होती. ठरलं असं की डब्यापाशी मी बसायचं. पण आयत्या वेळी गुंडाळलेल्या वायरीचा सांधा सैल झाला. मी बोटांनी दाबून धरला की घूं घूं बंद, सोडला की सुरू. मग मी सांधा धरून पडद्याआड बसले, आणि डब्यापाशी बसवलं आत्याबाईंना. त्या आल्या होत्या सिनेमा पाहायला म्हणून. हे त्यांना घाईघाईत सांगून गेले, "माय, हे गोल बटन. म्या सांगतलं का उजवीकडे फिरवजो. बाकी कायले हात नोको लावू."

पहिलं रीळ संपलं. अंधार झाला, शिट्ट्या सुरू झाल्या. आणि ह्यांनी गाणं धरलं. आधी कोणाला कळेना हे कुठून येतं आहे. मग पुढची पोरं चूप झाली, मग बाया. मी पडद्याआड, बोटं दुखायला लागलेली, पण सोडते कुठं? गाणं शेवटच्या ओळीवर आलं, आणि नेमकं तेव्हाच मागं कोणाची तरी खुर्ची मोडली. हशा पिकला, गलका झाला. ह्यांना वाटलं आता मागं ऐकू जाणार नाही. त्यांनी कांडी तारेवर ठेवूनच हाक दिली,

"माय, वाढव! वाढव न!"

आता आमच्या घरातली रीत सांगायला हवी. दिवा 'विझव' असं आमच्या घरी कोणी कधी म्हणायचं नाही. अशुभ. दिवा 'वाढवायचा'. बांगडी फुटली की वाढली, दुकान बंद केलं की वाढवलं. आत्याबाईंच्या पुढं काय होतं? अंधारात लाल पेटलेल्या चार बाटल्या. त्यांच्या लेखी ते दिवेच. पोरगा म्हणतो वाढव, तर रीळ चढलं असेल, सिनेमा लागत असेल. त्यांनी डब्याला हात जोडले आणि गोल बटण सोडून बाजूचा मोठा खटका खाली ओढला.

डबा बंद झाला. पण मेला नाही. चाचा म्हणाले होते तसंच, आत साठलेली वीज हळूहळू उतरत गेली. ह्यांना काय झालं ते समजलं नाही, ते वाजवतच होते. तो सूर बारीक होत गेला, आणखी बारीक, गावाबाहेर निघालेल्या गाडीच्या घुंगरासारखा, आणि नेमका शेवटच्या ओळीच्या टोकावर संपला. मग टाळ्या, शिट्ट्या, कोणी टोपी उडवली. तेवढ्यात दुसरं रीळ लागलं.

खेळ चालू असतानाच मालक वाकत वाकत पुढं आले. "काय खतम केलं बे! असं वाटलं का गानं उठून चाललं गेलं. रोज असंच खतम करायचं, समजलं का?"

ह्यांनी "हाव" म्हटलं आणि डब्याकडे पाहिलं. बाटल्या काळ्या पडलेल्या. "माय, काय केलं तुनं?"

"तूच त म्हनला, वाढव."

"अवं आवाज! आवाज वाढव म्हनलं!"

"मंग आवाज म्हनाव न. दिव्यापाशी बसवते अन् वाढव म्हनते, मानसानं काय करावं?"

आजूबाजूच्या बाया पदर तोंडात घालून हसायला लागल्या. आत्याबाईही हसल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याच हातानं आपण पोराला तंबूत लावून दिलं. त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या, पण सिनेमा काही पाहत नव्हत्या.

त्या दिवसानंतर घरात कोणाचाच जीव लागेना. हे ट्रंक उघडायचे, कपडे ठेवायचे, परत काढायचे. तंबू उठायला पुढच्या बाजारापर्यंतचा वेळ होता. आणि रोज तो शेवट पाहिजे होता मालकांना. ह्यांचे दोन्ही हात गिटारवर, खटका कोण ओढणार? खटक्याला दोरी बांधून पायानं ओढून पाहिली, तर गिटारच मांडीवरून सरकली. दाराशी तिकिटं फाडणाऱ्याला बसवलं, तर त्यानं एकदा गाणं अर्ध्यावर असतानाच ओढला, एकदा संपल्यावर ओढला. मालक चिडले. वायरीचा सांधा तोवर डाग देऊन पक्का केला होता, मग मी बसायला लागले. मला ते गाणं पाठ होतं ना, खरकट्या हातानं ऐकवलेलं. शेवटची ओळ सुरू व्हायच्या जराशी आधी खटका ओढायचा, म्हणजे आवाज बरोबर टोकाला जाऊन संपतो. एकदाही चुकलं नाही.

चाचा मालकांना म्हणाले, "साब, बेटीको भी ले लो. डिब्बा उसीका कहना मानता."

मालक म्हणाले, "बाईमानूस तंबूत? मले नाई जमत बाप्पा. अन् इची सासू काय म्हनन?"

चाची चुलीपाशी होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "और मैं क्या हूं जी, बैल?"

मालकांनी हात जोडले. पण खरा प्रश्न घरचा होता. हे तर तोंड उघडेनात. आईसमोर बायकोला बरोबर नेतो म्हणायची त्यांची छाती नव्हती. मी दोन दिवस आत्याबाईंच्या मागंमागं फिरले. त्या जात्यावर बसल्या की मी समोर, त्या गोठ्यात गेल्या की मी गोठ्यात. शेवटी त्या सरकी काढत बसलेल्या असताना मी म्हटलं,

"आत्याबाई, मी बी जातो."

"कुठी?"

"आसेगावले. तंबूसंगं."

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला नाही. बोटं चालूच. "लोकं काय म्हनतीन मालूम हाय न?"

"हाव."

"तुह्या मायले काय सांगू? पोरगी सिनेमावाल्यासंगं गेली म्हनून?"

"नवऱ्यासंगं गेली म्हना."

त्यांनी आणखी एक मूठ कापूस पुढं ओढला. मग म्हणाल्या, "त्याले एकटा सोडला, त जेवनार नाई. एक हात कमरेवर ठेवाचं बी भुलून जाईन." आणि भिंतीकडे तोंड करून जाऊबाईंना हाक मारली, "काहून वं, उद्यापासून माहा चहा तुह्याकडे हाय बरं!"

पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "या न मग. साखर संगं घेऊन येजा."

निघायच्या दिवशी व्हॉल्व्ह डब्यातून काढून वेगळे न्यायचे होते, रस्त्यानं गाडीच्या दणक्यांनी फुटू नयेत म्हणून. आत्याबाईंनी एक टोपलं आणलं, त्यात सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस भरला आणि एकेक बाटली आपल्या हातानं त्यात निजवली. वरून आणखी कापूस. टोपलं माझ्या हातात दिलं आणि घरात जाऊन दार लोटून घेतलं. मी दाराकडे पाहत उभी राहिले. गाडीवाला घाई करत होता. हे पुढच्या गाडीत इंजिनापाशी, मी मागच्या गाडीत चाचींजवळ.

आसेगावच्या रस्त्याला मी कधी गेलेली नव्हते. माझं माहेर इंझोरीकडचं, माझं सगळं येणंजाणं तिकडच्याच रस्त्यानं. दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी चाललेली, बाया मान वर करून आमच्या गाड्यांकडे पाहत होत्या. ओळखीची कोणी आहे का म्हणून मी पाहायला गेले तर सगळं पुसट दिसायला लागलं.

चाची म्हणाल्या, "रोती क्यूं है?"

"नाई रडत. टोपलं धरून हात दुखून राह्यले."

"तो इधर दे. थोडी देर मैं पकडती."

"नोको," मी म्हटलं.

त्यांनी बळंच टोपल्याला हात घातला. मी सोडेना. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, गाडी दणकन कलली, आणि आम्ही दोघींनी ते टोपलं एकदमच पोटाशी घट्ट धरलं.